गुडघा बदलल्यावर पाय सरळ का होत नाही? घरी काय तयारी करावी?

जुळे_सोलापूरकर:
सासूबाईंचा (वय 68, मधुमेह) उजवा गुडघा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. घरात देशी संडास, जागोजागी उंबरे, अंथरूण जमिनीवर. ऑपरेशननंतर पाय अर्धवट वाकलेलाच राहतो असं ऐकतो. ते कशामुळे होतं?

फिजिओताई:
बऱ्याचदा गुडघ्याखालच्या उशीमुळे. तिनं आराम वाटतो, पण मागचे स्नायू आखडत जातात आणि पाय सरळ होईनासा होतो. उशी काढा. सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दिवसातून तीन-चारदा, 10 मिनिटं. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, 5 सेकंद धरायचा, असं 10 वेळा. हा व्यायाम आजपासूनच सुरू करा, मांडीत ताकद असेल तर पुढचं सोपं जातं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी द्या. दोन आठवड्यांत साधारण 90 अंश वाकायला हवा. आपोआप पाय हलवणाऱ्या मशीनवर पैसे घालू नका, स्वतः केलेला व्यायाम जास्त कामाचा.

बर्फ 15-20 मिनिटं, पण जाड टॉवेलातून गार पोचत नाही. पातळ पंचा घ्या, जखम कोरडी ठेवा.

वॉर्डातली_सिस्टर:
तीन महिन्यांची साखर (एचबीए1सी) आत्ताच तपासा. ती जास्त असेल तर जखम चिघळते, सर्जन तारीख पुढे ढकलतील. किडका दात असल्यास तोही आधी दाखवा, तिथला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यात जाऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला सांगा, मनानं बंद करू नका.

पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली तर तेल लावून चोळायची नाही! रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना.

जुळे_सोलापूरकर:
धन्यवाद. जिना आणि संडासाचं काय करू?

फिजिओताई:
चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी डाव्या हातात. देशी संडासावर कमोडची खुर्ची ठेवा, बाजूच्या भिंतीत दांडी ठोका. पलंग एवढा उंच हवा की बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाणार नाही. वॉकर उंबऱ्यावर अडखळतो, म्हणून पलंग संडासाच्या बाजूच्याच खोलीत लावा. पायपुसणी, सतरंज्या सगळ्या गुंडाळून ठेवा.

वॉर्डातली_सिस्टर:
दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला खडा होतो. भाकरी, पालेभाजी, पाणी भरपूर. जखम भरायला मटकीची उसळ, अंडी चालत असतील तर तीही द्या.