काढ्याच्या बाटल्या डॉक्टरांना दाखवा
वर एका ताईंनी विचारलंय, आईच्या स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू असताना गुळवेलीचा काढा दिला तर बिघडतं काय, नैसर्गिकच तर आहे. माझ्या मावशीचे उपचार नाशकातच झाले, म्हणून लिहिते.

पंचवटीतल्या शेजारणींनी प्रेमाने दिलेल्या बाटल्यांनी तिच्या फडताळाचा एक कप्पा भरला होता. पुढच्या केमोआधी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वाढलेले, केमो लांबली. डॉक्टर रागावतील म्हणून ती काढ्याबद्दल बोललीच नव्हती. बंद केल्यावर आकडे उतरले. काढ्यामुळेच झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे.

आईंना पुढे टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी) सुरू झालं तर हळदीच्या कॅप्सूलबद्दल आवर्जून विचारा. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात हळदीतलं कर्क्युमिन घेतल्यावर, विशेषतः मिऱ्यातल्या पिपरिनसोबत, रक्तातलं एंडॉक्सिफेन कमी झालं; हे शरीरात टॅमॉक्सिफेनपासूनच तयार होतं. टॅमॉक्सिफेनचा गुण मुख्यतः त्यावरच असतो. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, तिला घाबरू नका.

योगासनांनी मात्र मावशीचा थकवा खरंच हलका झाला. ती जरूर करू द्या, डॉक्टरांना विचारून.

आणि कोणी 'केमो सोडा, आमचंच औषध घ्या' म्हणालं तर कृपा करून ऐकू नका. २०१८ च्या अमेरिकन अभ्यासात फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटीहून जास्त दिसला होता.

पुढच्या भेटीला सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, ताई. लेबल नसलेल्याही.