मदत हवी आहे: लिब्रेऑफिस रायटरमध्ये बनवलेला टूलबार दुसऱ्या संगणकावर कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचा मजकूर आम्ही रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये, तयार करतो. संगणक तीन, तिन्हींवर विंडोज. टायपिंगला बसणारे बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. मराठी झरझर टाइप करतात, पण मेनूतून मेनू उघडायची वेळ आली की अडतात. लेख येतात व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने. ते तसेच चिकटवले की फॉन्ट आणि अंतरं सगळी विस्कटतात. 'कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही' दाबून नुसता मजकूर चिकटवणं (साधं पेस्ट) हा त्यावरचा उपाय, पण चार कळा एकदम दाबणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमावं असा हट्ट धरणंही मला बरोबर वाटत नाही.

म्हणून 'टूल्स'मधल्या 'कस्टमाइझ'मध्ये जाऊन 'अंक' नावाचा टूलबार केला. त्यात साधं पेस्ट आणि कविता, उतारा, लेखकाचं नाव या आमच्या परिच्छेद-स्टाइल्स (फॉन्ट, अंतरं वगैरेंचे ठरवून ठेवलेले साचे) आहेत. बटणांना मराठी नावं दिली आणि 'टेक्स्ट ओन्ली' ठेवलं, म्हणजे चित्रांचा अर्थ लावत बसायला नको. माझ्या संगणकावर झकास चालतो. बाकी दोन्हींवर तीच फाइल उघडली तरी टूलबार नाही. तिथे रिबनसारखे टॅब दिसतात, माझ्याकडे जुनी मांडणी आहे. प्रत्येक ठिकाणी पुन्हा बनवावा लागेल का?

प्रतिसाद

पुन्हा बनवायची गरज नाही. 'कस्टमाइझ'च्या खिडकीत वर 'स्कोप' आहे. तिथे 'लिब्रेऑफिस रायटर' निवडलेलं असेल, तर टूलबार तुमच्या संगणकावरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये, राहतो. त्याऐवजी उघडलेल्या फाइलचं नाव निवडा आणि टूलबार तिथे करा. मग तो फाइलच्या पोटातच साठतो आणि तिच्याबरोबर फिरतो. स्टाइल्सही त्याच फाइलमध्ये असल्याने बटणं निकामी होणार नाहीत. अट एकच: फाइल ओडीटी, म्हणजे रायटरच्या स्वतःच्या प्रकारात, ठेवा. डॉक्सएक्समध्ये (वर्डच्या प्रकारात) सेव्ह केली की टूलबार गेला.

टॅबवाल्या मांडणीत नेहमीचे टूलबार दिसत नाहीत. 'व्ह्यू'मधल्या 'युजर इंटरफेस'मध्ये जाऊन 'स्टँडर्ड टूलबार' निवडा.

सगळ्याच फाइलींसाठी हवा असेल तर रायटर बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये जा. विंडोजच्या ॲड्रेस बारमध्ये %ॲपडेटा% (रोमन अक्षरांत) टाइप करा, मग लिब्रेऑफिस, ४, युजर, कॉन्फिग अशा क्रमाने आत शिरा. पुढे सॉफिस डॉट सीएफजी, मॉड्यूल्स, एसरायटर आणि शेवटी टूलबार. तिथली 'कस्टम_टूलबार'ने सुरू होणारी एक्सएमएल फाइल दुसऱ्या संगणकावर त्याच जागी ठेवा. अख्खं प्रोफाइल मात्र उचलून नेऊ नका, तिथल्या लोकांच्या बाकीच्या सेटिंग्ज पुसल्या जातील.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार! फाइलमध्येच साठवायचा मार्ग घेतला, दोन्ही संगणकांवर टूलबार आला. कोऱ्या ओडीटीची एक प्रत तयार ठेवली आहे, प्रत्येक लेख तिच्यावरूनच सुरू करू. आता एक राहिलं: कवितेची स्टाइल नंतर बदलली, तर आधी तयार झालेल्या लेखांत ती एकदम कशी पोचवायची?

प्रतिसाद

ते लेख एकेक उघडून 'स्टाइल्स'मधलं 'लोड स्टाइल्स' वापरा. 'ओव्हरराइट'वर खूण करायला विसरू नका, नाहीतर त्याच नावाची जुनी स्टाइल तशीच राहते.