अनुभव धागा: धावताना कानात काय?

कासवगती
धावताना काय ऐकता असं विचारलं की लोक गाण्यांची यादी देतात. इथे यादी नको. कुठल्या धावेला काय लावता, काय लावून बघितलं आणि जमलं नाही, ते सविस्तर लिहा.

माझ्यापुरतं सांगायचं तर आवडणं वेगळं आणि धावताना चालणं वेगळं. गझल मला जीव की प्राण, पण धावताना लावली की पाय रेंगाळतात. शेर संपला की दाद द्यायला थांबावंसं वाटतं! लांब, निवांत धावेला मी गप्पांचे पॉडकास्ट लावते. दोघं-तिघं बोलत असतील तर उत्तम. मध्येच त्यांना मोठ्याने उत्तर देऊन बघायचं: पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, धाप लागली तर जास्त झाला. एकट्याचं भाषण मात्र चढावर ऐकवत नाही.

पानोपानी
रहस्यकथांची ऑडिओबुक्स. ती फक्त धावतानाच ऐकायची, एरवी हात लावायचा नाही. खुनी कोण हे हवं असेल तर बूट चढवा. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी जिमला जाणाऱ्यांवर असाच प्रयोग केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लोक जास्त येऊ लागले, मध्ये सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. सुट्टीनंतरचं माझंही तसंच आहे म्हणा.

पात्रं मोजकी असलेलं पुस्तक निवडा. तीन पिढ्यांची कादंबरी असली की प्रत्येक चढानंतर 'हा नक्की कोणाचा काका?' म्हणत मागे जावं लागतं. वाचणाऱ्याचा आवाज सपाट असेल तर चांगलं पुस्तकही पडतं. ऐकायचा वेग सव्वापट, त्यावर नाही.

सातमात्रा
तबला शिकतोय, त्यामुळे माझं जरा निराळं. मी लेहरा लावतो, म्हणजे तबल्याच्या साथीला तालाच्या मापात पुन्हा पुन्हा वाजणारी एकच सुरावट. लेहऱ्याच्या ॲपमध्ये मिनिटाला किती मात्रा (ठोके) ते ठरवता येतं. माझी पावलं १७०च्या आसपास पडतात, म्हणून लय १७०. तीनतालाचं आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, साडेपाच सेकंदांहून किंचित जास्त होतं.

गंमत पुढे आहे. तीनताल १६ मात्रांचा, म्हणजे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ज्या पायावर आली त्याच पायावर येत राहते, आणि समेवरचं पाऊल माझं तरी नकळत जोरात पडतं. रूपक ७ मात्रांचा, त्यात सम एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या. शिवाय रूपकात समेलाच खाली (बिनटाळीची मात्रा), त्यामुळे आपटायचा मोहही कमी. सकाळभर एकाच पोटरीवर अन्याय होत नाही.

लेहरा नको असेल तर गाण्याची लय मोजा. ८५ ठोक्यांचं गाणं १७० पावलांना चालतं, ठोक्याला दोन पावलं. १२०चं गाणं त्या पावलांशी जुळत नाही, मग पाय आणि कान भांडत बसतात.

नुसताश्वास
काहीच नाही. इंटरव्हलला, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून धावताना, तर मुळीच नाही. कोस्टास कारागेओर्गिस हे क्रीडामानसशास्त्रज्ञ यावर वर्षानुवर्षं काम करताहेत. मध्यम वेगात संगीतामुळे कष्ट कमी वाटतात, पण दम पार निघायला लागला की तो फायदा आटतो, लक्ष सगळं शरीराकडे जातं. मग लावायचं कशाला? थकल्यावर डावा पाय घासायला लागतो हे मला बुटाच्या आवाजावरूनच कळतं.

लालदिवा
कानात घट्ट बसणारे इअरफोन मला सोसत नाहीत. कान बंद झाला की स्वतःच्याच पावलांची धपधप डोक्यात घुमते. बोन कंडक्शनवाले वापरते. ते कानापुढे हाडावर बसतात, कान मोकळे राहतात, मागून येणारी सायकल ऐकू येते. बोलणं स्वच्छ, खर्ज मात्र पोचत नाही. म्हणजे पॉडकास्टला ठीक, दणदणाटाला नाही.

वारा सुटला की आवाज वाढवावासा वाटतो, तेवढं सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतं, आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात.

धडधड
@नुसताश्वास, इथिओपियाचा धावपटू हायले गेब्रसेलासीने १९९८मध्ये 'स्कॅटमन' या गाण्याच्या तालावर २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, त्याचं काय?

नुसताश्वास
ते गाणं स्टेडियमच्या स्पीकरवर होतं, कानात नाही. ट्रॅकवरच्या स्पर्धेत कानात काही घालून धावायला नियमाने परवानगीच नाही. आणि तो गेब्रसेलासी आहे हो!

धडधड
मान्य. तरी माझी तीन गाणी शेवटच्या दोन किलोमीटरसाठी राखीव असतात. ती सुरुवातीला लागली की पहिलाच किलोमीटर उधळतो, पुढे वरात. म्हणून शफल कायम बंद.

सपाटीवर
ट्रेडमिलवर क्रिकेटचं जुनं समालोचन. कोण जिंकलं ते माहीत असतं, तरी ऐकतो. पट्टा सरकतोय, षटकं सरकताहेत.

कासवगती
लेहऱ्याचं ॲप आजच उतरवलं. सातमात्रा, माझ्या ॲपमध्ये रूपक १७०पर्यंत जातच नाही. ८५वर ठेवून मात्रेला दोन पावलं टाकली तर?

सातमात्रा
टाका की. पण मग आवर्तनाला १४ पावलं होतात, सम परत त्याच पायावर. दुसरं ॲप बघा.