बारा इंची दुहेरी भिंत घ्यावी की नाही? (मिनेसोटातील नवे घर)

मिनेसोटाकर

नमस्कार. मिनिआपोलिसच्या उत्तरेला आमच्या नव्या घराचे नकाशे शेवटच्या टप्प्यात आहेत. घर दुमजली असून त्याचा तळ ४० बाय ३० फुटांचा आहे. बाहेरच्या भिंतींसाठी आमच्या वास्तुरचनाकार बाईंनी ‘डबल स्टड’ पद्धत सुचवली आहे. दोन-बाय-चारच्या (प्रत्यक्षात साडेतीन इंच खोलीच्या) उभ्या दांड्यांची एक रांग बाहेर, तशीच दुसरी आत, दोन्हींमध्ये पाच इंचांचे अंतर, आणि अशी तयार झालेली बारा इंचांची पोकळी सेल्युलोजने, म्हणजे रद्दी कागदाच्या तंतूंनी, ठासून भरायची, असा त्यांचा बेत आहे. ठेकेदाराला तो पटलेला नाही. त्याचे म्हणणे असे, की इतक्या जाड भिंतीत दांड्यांवर बाहेरून ठोकलेले लाकडी तक्ते हिवाळाभर गारठलेले राहतात, घरातली वाफ त्यांच्यावर जाऊन गोठते आणि काही वर्षांत ते कुजतात. त्यापेक्षा दोन-बाय-सहाची एकच रांग घालावी आणि तिला बाहेरून दोन इंच फोम लावावा, असे तो सुचवतो.

बाईंचे गणित चोख दिसते आणि ठेकेदाराची भीतीही खोटी वाटत नाही. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक घरी होतो, रोज कुकर लागतो, आणि सासूबाई हिवाळ्यात राहायला आल्या की कोरड्या हवेने त्यांचा घसा सुकतो म्हणून खोलीत ह्युमिडिफायरही चालू असतो. ही वाफ भिंतीत जाण्याचा धोका खरोखर किती, आतून प्लास्टिकचा थर घालावा का, आणि घरातली जागा किती जाईल, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

उष्मागणित

ही पद्धत प्रायोगिक आहे असे ठेकेदार म्हणत असेल, तर ते बरोबर नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवणाऱ्या घरांचा जो शोध सुरू झाला, त्यात इलिनॉय विद्यापीठात १९७६ मध्ये ‘लो-कॅल’ घराचा आराखडा तयार झाला आणि त्यात दोन रांगांचीच भिंत होती. पुढच्याच वर्षी कॅनडात रेजायना येथे सस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस उभे राहिले. त्याच्या भिंती सुमारे बारा इंच जाडीच्या आणि आर-४० च्या आसपासच्या होत्या (आर म्हणजे उष्णता अडवण्याचे माप; आकडा मोठा तितकी भिंत उबदार), आणि रेजायनाचा हिवाळा तुमच्यापेक्षा कडकच आहे.

दोन रांगा कशासाठी, तर लाकडाची सलग वाट तोडण्यासाठी. सेल्युलोज इंचाला सुमारे आर-३.५ ते ३.७ देते, तर लाकूड जेमतेम आर-१.२. एकेरी भिंतीत प्रत्येक दांडा आतल्या जिप्सम बोर्डापासून बाहेरच्या तक्त्यापर्यंत अखंड पोहोचतो, आणि वरखालच्या पट्ट्या, कोपरे, खिडक्यांभोवतीचे जोडदांडे हे सगळे धरले तर भिंतीच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाकूडच असते. त्यामुळे आर-२० भरलेली दोन-बाय-सहाची भिंत प्रत्यक्षात आर-१६ ते १८ एवढेच काम करते. थंडीच्या सकाळी अशा घराच्या साइडिंगवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या आवरणावर, हिमाची साय धरते, ती दांड्यांच्या रेषांवर आधी विरघळते आणि आतला सांगाडा बाहेरून मोजता येतो. दुहेरी भिंतीत आतला दांडा बाहेरच्याला कुठेच शिवत नसल्याने कागदावरच्या आर-४२ पैकी आर-३८ तरी हाती लागतात.

आता ओलाव्याचा प्रश्न. ठेकेदाराचे निदान अर्धे बरोबर आहे. बाहेर उणे २० आणि आत २१ अंश सेल्सिअस धरले, तर दुहेरी भिंतीत तक्त्याची आतली बाजू साधारण उणे १८.५ अंशांवर असते. पण साध्या दोन-बाय-सहाच्या भिंतीत तरी ती कुठे उबदार असते? तिथेही ती उणे १७ च्या आसपासच भरते. घरात ४० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ७ अंशांवर येतो, म्हणजे दोन्ही भिंतींतले तक्ते त्याच्या कितीतरी खाली आहेत. खरा फरक तक्ता वाळण्यात आहे. साध्या भिंतीतून एवढी उष्णता झिरपत असते, की ऊन पडलेल्या दिवशी तक्ता थोडाफार वाळून जातो. जाड भिंतीत ती फुकटची शेगडी नसते, म्हणून आत शिरलेला ओलावा तिथे जास्त दिवस मुक्काम करतो.

हा ओलावा दोन वाटांनी शिरतो. एक वाट रंग आणि जिप्सममधून हळूहळू पाझरण्याची, दुसरी विजेच्या खोक्यांभोवतीच्या, नळाच्या भोकांच्या आणि भिंत-छताच्या सांध्यांतल्या फटींतून हवेबरोबर वाहत जाण्याची. दुसरी वाट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि लोक भांडतात मात्र पहिलीवरून. मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्स येथे अशा बारा इंची भिंतींत संवेदक बसवून मोजणी झाली होती. ज्या हिवाळ्यात घरातली आर्द्रता चढी राहिली, त्या हिवाळ्यात तक्त्यांचा ओलावा धोक्याच्या पातळीपर्यंत चढला. पुढे भिंती उघडल्या तेव्हा मात्र कुजल्याची चिन्हे नव्हती, आणि पूर्ण जाडीच्या ओपन-सेल, म्हणजे फवारून भरलेल्या सच्छिद्र, फोमपेक्षा सेल्युलोजची भिंत सरस ठरली, कारण सेल्युलोज ओलावा स्वतःत वाटून घेते आणि त्यातले बोरेट बुरशीला आवर घालते.

म्हणून माझा सल्ला जाडी कमी करण्याचा नाही, बाहेरचा तक्ता बदलण्याचा आहे. ओएसबी, म्हणजे लाकडाच्या कपच्या दाबून केलेला तक्ता, वाफेला फारशी वाट देत नाही. प्लायवूड ओले झाले की अधिक खुले होते, आणि लाकडाच्या तंतूंचा फायबरबोर्ड तर मुळातच खुला असतो. तक्त्यावर वाफ जाऊ देणारे जलरोधक आवरण आणि त्यापुढे साइडिंगच्या मागे पाऊण इंची उभ्या पट्ट्या मारून हवेची पोकळी ठेवा. आतून साधे प्लास्टिक नको, कारण उन्हाळ्यात वातानुकूलन चालू असताना भिंतीला आतल्या बाजूने वाळायचे असते आणि प्लास्टिक नेमके तेव्हा आडवे येते. कोरड्या हवेत एक पर्मपेक्षा (पर्म हे थरातून वाफ किती जाते याचे माप) कमी वाफ सोडणारे आणि दमट हवेत दहा पर्मच्या पुढे खुले होणारे ‘स्मार्ट’ पटल मिळते, ते लावा.

एडमंटनकर

वरील विवेचन योग्य आहे, पण पैशांचा हिशेब राहिला. आपल्या घराची बाह्यभिंत, खिडक्या वजा जाता, सुमारे २,१०० चौरस फूट धरू. मिनिआपोलिसचे वर्षाचे हीटिंग डिग्री-डे, म्हणजे वर्षभरातल्या थंडीची बेरीज सांगणारे माप, फॅरनहाइटमध्ये सुमारे ७,५००. आर-१८ ची भिंत सोडून आर-३८ ची घेतली तर वर्षाला साधारण ११० थर्म (गॅसच्या बिलातले उष्णतेचे एकक) उष्णता वाचते. थर्मला डॉलरभर धरला तर शे-सव्वाशे डॉलर झाले. पण आपली तुलना साध्या भिंतीशी नाही. ठेकेदाराची भिंत फोम धरून आर-२७ च्या आसपास जाते, आणि तिच्यापेक्षा दुहेरी भिंत वर्षाला फक्त चाळीसेक थर्म वाचवते. वर आतून जागा जाते. साडेपाच इंचांऐवजी बारा इंच म्हटल्यावर १४० फूट परिघात मजल्यामागे सुमारे ७५ चौरस फूट, दोन मजले मिळून १५०, म्हणजे एक बऱ्यापैकी खोलीच.

ठेकेदाराच्या भिंतीत तक्ता फोमच्या आत, उबेला असतो, हा तिचा मोठा गुण. मात्र त्याच्या दोन इंचांत एक खोट आहे. आतून वाफ अडवायला वेगळे पटल न लावता केवळ रंगावर भागवायचे असेल, तर अमेरिकेतील आयआरसी या घरबांधणी संहितेप्रमाणे हवामान विभाग ६ मध्ये, म्हणजे मिनिआपोलिस भागात, दोन-बाय-सहाच्या भिंतीवर किमान आर-११.२५ चा फोम लागतो. दोन इंची एक्सपीएस (अशा फोमचा एक प्रकार) आर-१० वरच थांबतो. अर्धा इंच वाढवायला सांगा. कमी जाडीचा फोम लावणे हे काहीच न लावण्यापेक्षा वाईट ठरू शकते, कारण तक्ता पुरेसा उबदारही होत नाही आणि बाहेरच्या बाजूने वाळण्याची वाटही बंद होते.

करवत

मी व्हरमाँटमध्ये सुतारकामाच्या देखरेखीवर असतो आणि अशा भिंती उभ्या केल्या आहेत, म्हणून नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी लिहितो.

छताचा भार बाहेरच्या रांगेवर ठेवावा. घराला छप्पर आले, पाऊस थांबला, की मग आतली रांग जमिनीवर जोडून उभी करावी. तिच्यावर भार नसल्याने दांडे २४ इंचांवर चालतात आणि खिडक्यांवर जाड तुळया लागत नाहीत. प्रत्येक खिडकी-दाराच्या जागी दोन्ही रांगा जोडणारी प्लायवूडची पेटी बसते. तिच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार न दिल्यास एक दिवस पाणी आतच येणार. दोन मजल्यांच्या सांध्यात रिम जॉइस्टची, म्हणजे मजल्याच्या तुळयांची टोके झाकणाऱ्या कडेच्या फळीची, जागा हमखास विसरली जाते, आणि मग बारा इंची भिंतीच्या मधोमध दीड इंची लाकडाचा गार पट्टा घराला वेढून राहतो. नकाशात त्या सांध्याचा वेगळा छेद मागून घ्या.

अग्निरोधाचेही बघा. आतली पोकळी सलग असल्याने आग तिच्यातून पसरू शकते, म्हणून संहितेप्रमाणे प्रत्येक मजल्याच्या आणि छताच्या पातळीवर अडसर लागतोच, शिवाय आडव्या दिशेने दर दहा फुटांच्या आत एक. आम्ही मजल्याच्या पातळीवर प्लायवूड आणि आडव्या दिशेने मिनरल वूल वापरतो.

सगळ्यात नाजूक काम भरण्याचे. आतल्या दांड्यांवर जाळी ताणून स्टेपल करतात आणि तिला भोक पाडून नळीने सेल्युलोज मारतात. दर घनफुटाला निदान साडेतीन पौंड बसले पाहिजे, नाहीतर काही वर्षांत ते खाली बसते आणि भिंतीच्या माथ्यावर रिकामी पट्टी पडते. दोन रांगांतली पोकळी सलग सोडली तर सेल्युलोज बाजूला पळत राहते आणि दाब धरत नाही, म्हणून मध्ये काही अंतरावर जाळीचेच उभे पडदे लावून कप्पे करावे लागतात. पूर्वी एका घराला भरणाऱ्या मंडळींनी हे पडदे वाचवले. काम दिसायला सुबक झाले होते, पण पहिल्या हिवाळ्यात उष्णतादर्शक कॅमेऱ्यातून तीन खिडक्यांच्या वर निळे त्रिकोण दिसले. जिप्सम कापून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

तपासायची रीत सोपी आहे. नीट भरलेली जाळी तळहाताने दाबली, तर पिंजाऱ्याने नुकत्याच भरलेल्या गादीसारखी लागते. बोटे आत रुतली तर पुन्हा भरायला लावा. रिकाम्या पिशव्याही मोजा. आपल्या भिंतीच्या दर चौरस फुटामागे एक घनफूट पोकळी आहे, तेव्हा लाकडाची जागा वजा करून, २५ पौंडी पिशवी धरली तर अडीचशेच्या आसपास पिशव्या संपायला हव्यात. दीडशेतच काम उरकले असेल तर भिंत अर्धपोटी राहिली.

मिनेसोटाकर

सर्वांचे मनापासून आभार. चाळीस थर्मचे गणित वाचून क्षणभर मन डळमळले. पण इथे बाहेरून जाड फोम नीट लावणारी माणसे आम्हाला मिळालेली नाहीत, आणि साधे सुतारकाम व सेल्युलोज भरणे दोन्ही जाणणारी मंडळी मिळाली आहेत. शिवाय त्या खोल खिडक्यांचे कट्टे घरच्यांना इतके आवडले आहेत, की गेलेल्या दीडशे फुटांपैकी काही तिथेच वसूल झाले असे मी समजतो. ओएसबीऐवजी फायबरबोर्ड आणि आतून स्मार्ट पटल घेण्यास बाई तयार आहेत. मात्र फायबरबोर्ड आडव्या जोराला कमी पडू नये म्हणून रचना अभियंत्याकडून कर्णपट्ट्यांचे गणित मागवले आहे. दोन शंका उरतात. स्वयंपाकघराचे काय करावे, आणि दारात मोठा पंखा बसवून फटी शोधण्याची ब्लोअर डोअर चाचणी नेमकी कधी घ्यावी?

उष्मागणित

इतक्या घट्ट घराला उष्णता परत मिळवणारी वायुवीजन यंत्रणा, म्हणजे एचआरव्ही, लागणारच. ती हिवाळाभर अखंड चालू ठेवावी आणि आर्द्रता ३० ते ३५ टक्क्यांवर राखावी. ह्युमिडिफायर सासूबाईंच्या खोलीपुरता, दार लावून, रात्रीच चालवा, आणि शेजारी दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक ठेवा. शेगडीवरचा पंखा धूर आणि वाफ घराबाहेर टाकणारा हवा; जाळीतून गाळून तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारा फोडणीचा वास थोडाफार कमी करेल, पण कुकरची वाफ घरातच ठेवील. पंखा मोठा घेतल्यास बाहेरून भरपाईची हवा येण्याची सोयही नकाशातच करून घ्या, नाहीतर तो ती फटींतून ओढून घेईल.

करवत

ब्लोअर डोअर चाचणी दोनदा घ्या. पहिली बाहेरचे तक्ते बसून त्यांचे सांधे चिकटपट्टीने बंद झाले आणि खिडक्या लागल्या, की सेल्युलोज भरण्यापूर्वी. दुसरी घर पूर्ण झाल्यावर. पहिलीत सापडलेली फट पाच मिनिटांत बुजते, दुसरीत सापडलेल्या फटीसाठी भिंत फोडावी लागते. पहिल्या चाचणीच्या दिवशी दारातला पंखा चालू असताना आपण स्वतः हजर राहा, हाताची मागची बाजू पाण्याने ओली करा आणि पायाच्या पट्टीपासून सुरुवात करून प्रत्येक सांध्यावरून फिरवा. जिथे गार झुळूक लागेल तिथे लाल खडूने खूण करा आणि खुणा मोजून ठेवा, म्हणजे संध्याकाळी ठेकेदार ‘सगळे बुजवले’ म्हणेल तेव्हा पडताळता येईल.