री: री: शनिवारची सहल – बस स्विफ्ट हॉलपाशी कशी नेणार?

मीनल (सहल समिती):
मंडळी, बसवाल्याचा परत फोन. स्विफ्ट हॉल, म्हणजे शिकागो विद्यापीठाच्या डिव्हिनिटी स्कूलची (धर्मशास्त्राच्या शाळेची) इमारत, आवारातल्या चौकात (क्वाडमध्ये) आहे, आणि तिथे बस जाणार नाही म्हणजे नाही. उद्या रात्रीपर्यंत उतरायची जागा कळवायची आहे. ५९व्या रस्त्यावर रॉकफेलर चॅपलपाशी उतरवलं तर बरंच चालावं लागेल, आणि यादीत गुडघेवाले आई-बाबा भरपूर. दुसरं, सहलीच्या पत्रकासाठी सतीशदादांनी लिहिलेला मजकूर चार पानं खातोय. पत्रक एका पानाचं ठरलं होतं.

सतीश:
कात्री लाव, पण हार्परला हात लावू नकोस. रॉकफेलरने पैसे दिले म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात. विल्यम रेनी हार्पर म्हणजे अठराव्या वर्षी येलची पीएचडी, मॉर्गन पार्कच्या बाप्टिस्ट सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) हिब्रूचा मास्तर, टपालानेसुद्धा हिब्रू शिकवायचा. तोच शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्या सेमिनरीचीच डिव्हिनिटी स्कूल झाली. विद्यापीठाचे वर्ग १८९२च्या ऑक्टोबरात सुरू झाले. म्हणजे मूळ धरलं तर शाळा विद्यापीठापेक्षा जुनी.

दिलीपकाका:
मी मागच्या मीटिंगलाही हेच म्हणालो होतो, इतिवृत्तात आलं नाही. विवेकानंद बोलले ते मिशिगन अव्हेन्यूवर, आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. आपले आई-बाबा ती जागा बघायला येतात. त्यांना पाद्र्यांची शाळा दाखवून काय साधणार?

सतीश:
काका, संबंध आहे, आणि थेट आहे. १८९३च्या त्या सर्वधर्म परिषदेचे सूत्रधार जॉन हेन्री बॅरोज. परिषद संपली तशी कॅरोलाइन हॅस्केल बाईंनी विद्यापीठाला देणगी दिली, धर्मांच्या तौलनिक अभ्यासावर व्याख्यानं व्हावीत म्हणून. हिंदुस्थानात जाऊन द्यायच्या व्याख्यानांसाठी आणखी एक. ती द्यायला १८९६-९७ साली बॅरोज स्वतः तिकडे गेले. ख्रिस्ती धर्मच कसा श्रेष्ठ हे सांगायला गेले, ते वेगळं! पण इतर धर्म नीट अभ्यासायची वाट तिथूनच पडली. नाझींनी लाइपझिगमधून काढलेला धर्मांचा अभ्यासक योआखिम वाख १९४५ साली इथे आला. तो वारल्यावर त्याच्या जागी मिर्चा एलियाडे. एलियाडे तरुणपणी कलकत्त्यात सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकलेला, योगावर प्रबंध लिहिलेला माणूस.

रोहिणी:
एलियाडेंचं कौतुक जरूर करा, पण तीसच्या दशकात त्यांनी रुमानियात आयर्न गार्ड या फॅसिस्ट संघटनेची तळी उचलली होती, तेही येऊ द्या. आणि पत्रकात हिंदू धर्माच्या अभ्यासक वेंडी डॉनिगर यांचं नाव कुणाला विचारून घातलं?

मॉडरेटर:
डॉनिगर यांच्या हिंदू धर्मावरच्या पुस्तकाचा २०१४चा वाद या ईमेल यादीवर परत उकरायचा नाही. त्यावेळी किती जण यादी सोडून गेले ते आठवा. बाई तिथे १९७८पासून शिकवत होत्या, त्यांच्या पदालाही एलियाडेंचंच नाव होतं. नाव राहील. मतं स्वतंत्र ईमेलने.

अनघा:
मला बसचं नाही, मुलांचं बोलायचंय. कुलियानूंचा परिच्छेद काढा. एलियाडेंचा शिष्य, २१ मे १९९१ला स्विफ्ट हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या स्वच्छतागृहात कुणीतरी गोळी घातली, खुनी आजतागायत सापडला नाही. आमच्या चिरंजीवांनी मसुदा वाचलाय. सहलीला यायला तयार नव्हता, आता रोज विचारतो, "ते बाथरूम दाखवणार ना?"

सतीश:
मग परिच्छेद ठेवायलाच हवा.

अनघा:
सतीशदादा, तुमची मुलं कॉलेजात आहेत.

विनायक:
तळघरातल्या कॉफीच्या दुकानाचं कुणीच लिहिलं नाही. विद्यार्थीच चालवतात, "देव इथे कॉफी पितो" असं त्यांचं ब्रीद. मी शिकत असताना अर्धं आयुष्य तिथे काढलं. शनिवारी उघडं असतं का, आधी बघा.

दिलीपकाका:
देव पितो, आम्हाला मिळेल का ते सांगा. पेपर कपात साखर न घालता देतात.

मीनल:
कॉफी, साखर, देव सगळं नंतर. बस युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर ५८व्या रस्त्याच्या तोंडाशी थांबेल, तिथून हॉल जवळ. ज्यांना नको ते समोरच प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयात बसतील. खोर्साबादहून आणलेला माणसाच्या तोंडाचा चाळीस टनी बैल तिथे आहे, मुलांना तोच दाखवू. हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर कुणीही जाणार नाही. परतीला आर्ट इन्स्टिट्यूटपाशी अर्धा तास थांबू, काका. रोहिणीताईंचं एक वाक्य घालते, त्याबदल्यात हार्परची दोन जातील.

सतीश:
कुठली दोन?

मीनल:
ते छापून आल्यावर कळेल. डब्यात तेलाचं लोणचं कुणी आणू नका. गेल्या वेळी सीट धुवायचे पैसे मंडळाने भरलेत.