एक लाख चाळीस हजारांची गाठ: दोष राष्ट्राध्यक्षाचा की कमिटीचा?

रांगेतला_नाशिककर
परवा इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत चिवड्याची वाटी हातात येते न येते तोच तिघांनी एकच प्रश्न केला, "तारीख हलली का?" तारीख म्हणजे ग्रीनकार्डाच्या (इथे कायम राहायच्या परवान्याच्या) रांगेतला नंबर; माझी २०१४ ची. ती जागची हलत नाही. मग नेहमीसारखा ट्रम्पच्या नावानं शंख झाला. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर लावलेली १ लाख डॉलरची फी, १९ सप्टेंबर २०२५ चा तो शुक्रवार, विमानतळावरून परत फिरलेले लोक वगैरे.

माझं म्हणणं, आपण भलत्याच दारासमोर ओरडतोय. फी लावणं, फॉर्म बदलणं राष्ट्राध्यक्ष करतो. पण नोकरीच्या वाटेनं वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीनकार्डं आणि एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आकडा १९९० सालचा, म्हणजे मी शाळेत होतो तेव्हाचा. त्यात बायकामुलंही मोजतात! भारताला जी मर्यादा, तीच आइसलँडला.

हे बदलायची पहिली पायरी म्हणजे काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) प्रतिनिधीगृहाची ज्युडिशिअरी, म्हणजे न्यायविषयक कमिटी. इमिग्रेशन तिच्याकडे, बड्या टेक कंपन्यांची मक्तेदारी तिच्याकडे, सरकारी खात्यांच्या नियमांना वेसण घालणारी बिलंही तिच्याकडेच. जुलै २०२० मध्ये ॲमेझॉनचे बेझोस, ॲपलचे कुक, गूगलचे पिचाई आणि फेसबुकचे झुकरबर्ग या चौघांना व्हिडिओवर बसवून धारेवर धरलं ते याच कमिटीच्या उपसमितीनं. आणि नोकरीच्या ग्रीनकार्डांवरची ७ टक्क्यांची अट काढणारं ईगल ॲक्ट हे बिल एप्रिल २०२२ मध्ये २२ विरुद्ध १४ मतांनी पुढे पाठवलं तेही हिनंच. डिसेंबरात सभागृहात मतदान होणार म्हणता म्हणता बिल बाजूला ठेवलं गेलं. तेव्हा मंडळात कोणाला पत्ता तरी होता का? मंडळाच्या अधिवेशनाच्या जेवणात बासुंदी की श्रीखंड यावर मात्र शंभर ईमेल.

एडिसनची_काकू
असहमत. मी नागरिक आहे, माझी रांग केव्हाच संपली, म्हणून मला बोलायचा हक्क नाही असं कृपया म्हणू नका.

ईगल ॲक्ट म्हणजे २०१९ च्या बिलाचं नवं रूप, आणि त्यातही मोठा भर होता तो वाटप बदलण्यावर. भाकरी तेवढीच, वाढणारा हात बदलला. तुमची रांग पुढे सरकली की फिलिपिन्सच्या नर्सची मागे जाणार. २०१९ मध्ये सिनेटर डर्बिन यांनी सिनेटमधलं ते जुनं बिल अडवलं तेव्हा आपल्या लोकांनी त्यांना काय काय म्हटलं! त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आधी एकूण आकडा वाढवा. यात चूक काय?

रांगेतला_नाशिककर
काकू, आकडा वाढवायला मी कुठे नको म्हणतोय? पण तो वाढेपर्यंत जन्मस्थान बघून रांग लावायची का? माझ्या टीममधल्या बांगलादेशी मुलाला तीन वर्षांत कार्ड मिळालं. काम तेच, कंपनी तीच.

शिवाय जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहानं ते जुनं बिल ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनंही एकमतानं बिल मंजूर केलं. फक्त दोन्हीकडचे मसुदे वेगळे, ते जुळेपर्यंत काँग्रेसची मुदत संपली. सगळं मुसळ केरात.

खडूस_कोथरूड
इथून बघणाऱ्याला हसू येतं. गाठ कमिटीत आहे म्हणताय, मग २०२१ चं काय? कोविडमुळे कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं नोकरीवाल्यांकडे वळली, भरपूर होती, आणि त्यातली ६६,००० च्या आसपास वाया गेली. कारण इमिग्रेशन खात्यानं वर्षअखेरपर्यंत कागद हलवले नाहीत. हा दोष कायद्याचा की बाबूंचा?

दुसरं, रांगेतला माणूस नोकरी बदलायला दहादा विचार करतो. अशी माणसं कंपन्यांना सोयीची नाहीत का? त्या चौघांच्या सुनावणीनंतर एवढा जाडजूड अहवाल आला, जून २०२१ मध्ये कमिटीनं बिलंही मंजूर केली, आणि त्यातली दात असलेली बिलं कायदा झालीच नाहीत. ज्यांना स्वतःच्या मानेवरचं जोखड चुकवता येतं, ते तुमच्यासाठी का झटतील?

(अवांतर: कोथरूडात या, रांग नाही. मेट्रोची सोडून.)

डबा_आणि_ईएडी
मी एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर आले. सहा वर्षं घरी बसले, एमटेक असून. २०१५ मध्ये मला कामाचा परवाना (ईएडी) मिळाला तो कमिटीमुळे नाही, होमलँड सिक्युरिटी खात्याच्या एका नियमानं. कायदेमंडळावर विसंबले असते तर आजही डबेच भरत असते.

म्हणून नाशिककर म्हणतात त्या वेसणीची मला भीती वाटते. प्रतिनिधीगृहानं २०२३ मध्ये मंजूर केलेलं रीन्स ॲक्ट बघा: खात्याचा प्रत्येक मोठा नियम आधी काँग्रेसनं मंजूर करायचा. म्हणजे जिथे तीस-पस्तीस वर्षांत एक आकडा बदलला नाही, तिथे माझा नियम नेऊन ठेवायचा.

रांगेतला_नाशिककर
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. नियमानं दिलेलं नियमानं जातं. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत तुमचा परवाना रद्द करायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं टांगून ठेवला होता. तेव्हा झोप लागायची का? आणि १ लाखाची फी तर साधा नियमसुद्धा नव्हे, एक उद्घोषणा. ज्या हातानं दिलं त्याच खुर्चीतला पुढचा हात काढून घेऊ शकतो.

डबा_आणि_ईएडी
नाही लागायची. पण तेवढी वर्षं पगार आला, त्यातून घराचे हप्ते गेले. कायद्याची वाट बघत बसलेल्यांच्या हाती काय आलं ते तुम्हीच सांगा. माझा मुलगा १९ चा आहे. २१ पूर्ण झाले की तो आमच्या अर्जातून बाहेर, इथेच वाढलेला असून परदेशी विद्यार्थी. तेवढ्या वेळात तुमची कमिटी हलणार आहे का?

एडिसनची_काकू
या मुलांबद्दल मात्र माझा वाद नाही. सोमवारी माझ्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करते. पण नाशिककर, मी २१ वर्षांच्या मुलांसाठी आणि एकूण आकडा वाढवा म्हणून बोलणार. तुमच्या ७ टक्क्यांबद्दल एक शब्द नाही.

रांगेतला_नाशिककर
चालेल काकू. ते कुठल्या कमिटीवर आहेत तेवढं विचारा.