यादी ‘चाळायची’ म्हणजे नक्की काय करायचं?

नवशिका टंकक
मंडळी, एका टेक्स्ट एडिटरची मदतपानं मराठीत आणतोय आणि एका परिच्छेदापाशी अडलोय. शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबला की एडिटर पुढचे संभाव्य शब्द सुचवतो, हे सगळ्यांना माहीत असेल. त्यातून हवा तो शब्द मिळवायच्या दोन रीती आहेत. आणखी अक्षरं टाकत जायचं म्हणजे न जुळणारे पर्याय उडत जातात, ही पहिली. दुसरीत काहीच टाइप करायचं नाही, तीच कळ पुन्हा पुन्हा दाबायची. दर दाबेला पुढचा पर्याय समोर येतो. मूळ मजकूर पहिलीला ‘फिल्टर’ म्हणतो, दुसरीला ‘सायकल’.

पहिलीसाठी मी ‘यादी चाळणे’ लिहिलं. एकाने वाचून विचारलं, “म्हणजे बाण दाबत खाली खाली जायचं ना?” म्हणजे त्याला बरोबर उलटा अर्थ लागला. ‘सायकल’साठी तर अजून काहीच सुचलेलं नाही. काय करावं?

शब्दखूळ
त्याला लागलेला अर्थ चूक नाही हो. ‘चाळणे’ हे क्रियापद दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं आहे. पीठ चाळलं की कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं, काहीतरी वेगळं होतं. पेपर चाळला की काहीच वेगळं होत नाही, पानं उलटली जातात एवढंच. कोणता अर्थ घ्यायचा ते कर्म ठरवतं. पीठ, रवा, वाळू असेल तर पहिला. पुस्तक, फाइल, जुने अंक असतील तर दुसरा. यादी कागदाच्या गटातली. त्यामुळे ‘यादी चाळा’ म्हटलं की मराठी माणूस पानं उलटायला लागणार.

बरं, मग ते ‘सायकल’साठी वापरावं म्हणाल, तर तेही जमत नाही. चाळण्यात वरवरपणा आहे. “चाळलंय, वाचलं नाही” असं आपण म्हणतोच. तुमच्या दुसऱ्या रीतीत मात्र एकही पर्याय न सोडता, ओळीने एकेक समोर येतो. थोडक्यात हा शब्द दोन्हीकडून बाद.

परिभाषाप्रेमी
निस्यंदन आणि चक्रण. दोन्ही नेमके, दोन्ही एकशब्दी.

काळी खिडकी
निस्यंदन वाचून लोक गच्चीवरची टाकी बघायला जातील.

नवशिका टंकक
परिभाषाप्रेमी, राग मानू नका, पण हे पान वाचणारा माणूस त्या क्षणी अडलेला असतो. त्याला आधी शब्द समजावून सांगत बसायला नको. ‘गाळणे’ कसं वाटतं?

शब्दखूळ
‘गाळणे’ चांगलं आहे, पण तेही कर्म बघून रंग बदलतं. चहा गाळला तर जो चहा उरतो तो आपल्याला हवा असतो. नाव गाळलं तर ते नाव गेलं! ‘गाळलेल्या जागा भरा’ शाळेपासून डोक्यात बसलेलं आहे. मग ‘पर्याय गाळा’ लिहिलंत तर ठेवायचे की काढायचे? वाचणारा थबकणार.

यावर माझा तोडगा: यादीला कर्म करूच नका, नकोशा पर्यायांना कर्ता करा. “अक्षरं टाकत गेलात की न जुळणारे पर्याय गळत जातात.” ‘गळणे’ अकर्मक आहे, आणि शाळेतली गळती, झाडांची पानगळ यामुळे ‘गळणारा बाहेर गेला’ हा अर्थ पक्का आहे. इथे शंकेला जागाच नाही. शिवाय ‘जातात’मुळे एकेका अक्षरागणिक यादी आटत जाते हेही आलं.

काळी खिडकी
‘गळत जातात’ला माझं मत. आता ‘चक्र’ या शब्दाबद्दल. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दिवस घालवणारा माणूस म्हणून सांगतो, जिथे चक्र नाही तिथे चक्र लिहू नका.

विम या एडिटरमध्ये कंट्रोल-एन दाबलं की पहिला जुळणारा शब्द थेट मजकुरात येऊन बसतो. पुन्हा दाबलं की त्याच्या जागी दुसरा. शेवटचा संपला की तुम्ही मुळात टाइप केलेली अक्षरं परत येतात आणि पुढच्या दाबेला पुन्हा पहिला शब्द. हे खरोखरचं चक्र, आणि आपण लिहिलेलं मूळही त्यातलाच एक थांबा.

इमॅक्स या दुसऱ्या एडिटरमधली डीअ‍ॅब्रेव्ह ही शब्द पुरा करायची सोय घ्या. मेटा (बहुतेक कीबोर्डांवर ऑल्ट) धरून तिरकी रेघ दाबायची. ती आधी कर्सरच्या मागे शोधते, जवळचा शब्द आधी, लांबचा नंतर. मग कर्सरच्या पुढे, मग उघडलेल्या इतर मजकुरांत. सगळे संपले की “आणखी काही सापडत नाही” असं सांगून तुमची अक्षरं होती तशी ठेवते. गोल फिरत नाही. ही रांग झाली, आणि रांगेला क्रमही आहे.

बॅश या टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये तर मूळ मांडणीत टॅब यातलं काहीच करत नाही. जितका भाग सगळ्या पर्यायांत सारखा तितका भरतो आणि थांबतो. पुन्हा दाबलं की पर्यायांची यादी छापतो. पुढचं तुम्ही टाइप करा. एकामागून एक पर्याय हवे असतील तर सेटिंगच्या फाइलमध्ये टॅबला ‘मेन्यू-कम्प्लीट’ जोडावं लागतं. उलट विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत टॅब मारत राहिलं की फाइलची नावं एकेक येत राहतात, शिफ्ट-टॅबने मागची. एका वातावरणातून दुसऱ्यात गेलेला माणूस पहिले काही दिवस चिडचिड करतो ती याचमुळे.

आणि ऑफिसात आम्ही काय बोलतो ते ऐका. पहिल्या रीतीला “अजून दोन अक्षरं टाक ना”. दुसरीला “टॅब मारत राहा, येईल”. फिल्टर, सायकल असं कोणी म्हणत नाही.

शब्दखूळ
हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात. बोलीत दोन्ही रीतींना माणसाच्या हाताने नाव दिलंय: एकीत तो काहीतरी सांगतो, दुसरीत नुसता ‘पुढचा दाखव’ म्हणतो. मदतपानात हाच फरक दिसला पाहिजे. यादीचं काय होतं ते त्यानंतर.

अर्धचंद्र
मराठी मजकूर लिहिणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी. प्रोग्राम लिहिताना अक्षरं टाकून पर्याय गाळणं सोपं, कारण तिथली नावं सुरुवातीलाच वेगळी होतात. आपले शब्द शेपटाला वेगळे होतात. ‘शाळे’ टाइप करा: शाळेत, शाळेतून, शाळेतला, शाळेतल्या, शाळेच्या, शाळेला, शाळेपासून. ‘शाळेत’पर्यंत आलात तरी निम्मे उभेच. म्हणजे गाळता गाळता अख्खा शब्द टाइप होऊन जातो, मग सुचवण्याचा फायदा काय? अशा वेळी डीअ‍ॅब्रेव्हसारखी, नुकताच वापरलेला शब्द आधी देणारी रांग बरी पडते. परिच्छेदात तेच रूप पुन्हा लागण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी गोष्ट जास्त त्रासदायक. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारे टाइप झालेला सापडतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं) चालवलं तरी ही दोन एक होत नाहीत. एकेक पर्याय बघत गेलात तर ‘दुसऱ्या’ लागोपाठ दोनदा येतो, तुम्हाला वाटतं कळ नीट दाबली गेली नाही. अक्षरं टाकून गाळत गेलात तर अधिकच गंमत: तुमच्या कीबोर्डने पहिला प्रकार दिला आणि फाइलमध्ये दुसरा असेल, तर ‘दुस’पर्यंत यादीत असलेला शब्द र टाकताच गळतो. डोळ्यांसमोर तो जुळत असतो! ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘बिचाऱ्या’, सगळ्यांचं हेच. तुमच्या मदतपानात मराठीपुरती एक टीप टाकाच.

काळी खिडकी
हे लय भारी. मी फाइलमध्ये शोधून न सापडणाऱ्या शब्दांना शिव्या घालत होतो, कारण आज कळलं.

नवशिका टंकक
टीप टाकतो. पण अजून एक गुंता राहिला. काही ठिकाणी दोन्ही रीती एकत्र येतात. इमॅक्समध्ये २०१२ च्या २४.१ आवृत्तीपासून ‘कम्प्लीशन-सायकल-थ्रेशोल्ड’ नावाची मांडणी आहे. तिथे ३ लिहिलं तर पर्याय तीन किंवा कमी उरेपर्यंत टॅब नेहमीसारखा वागतो, तितके उरले की एकेक दाखवू लागतो. काहीच ठेवलं नाही तर एकेक दाखवणं बंद.

काळी खिडकी
विमचंही तसंच काहीसं. सुचवलेल्या शब्दांची तरंगती यादी २००६ साली सातव्या आवृत्तीत आली. मूळ मांडणीत कंट्रोल-एनने अख्खा शब्द बसतो, त्यामुळे पुढचं अक्षर टाकलंत तर ते त्या शब्दाला चिकटतं आणि यादी मिटते. ‘कम्प्लीटऑप्ट’ या सेटिंगमध्ये ‘लाँगेस्ट’ लिहिलं की फक्त सामायिक भाग बसतो, आणि मग टाकलेल्या प्रत्येक अक्षराने यादी आखडत जाते. कळ तीच आणि यादीही तीच, पण एका शब्दाच्या सेटिंगने रीत बदलली. म्हणून म्हणतो, दोन्हींना नावं नका देऊ, वाक्यं द्या.

परिभाषाप्रेमी
वाक्यं मेन्यूत मावत नाहीत. बटणावर काय लिहिणार?

शब्दखूळ
हा मुद्दा रास्त आहे. बटणावर ‘फिल्टर’ खुशाल ठेवा. शॉपिंगच्या अ‍ॅपमुळे तो आता घराघरात पोचलाय. ‘सायकल’ मात्र नको, ती आपल्याकडे दुचाकी आहे. ‘आळीपाळीने’ही नको, त्यात दोघांनी वाटून काम केल्याचा वास येतो. तिथे ‘पुढचा पर्याय’ लिहा. त्यात चक्रही नाही आणि रांगही नाही, त्यामुळे विम आणि इमॅक्स दोन्हीकडे चालेल.

नवशिका टंकक
मग परिच्छेद असा बसवतोय, बघा:

“शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबा. पर्याय जास्त असतील तर आणखी अक्षरं टाका. न जुळणारे पर्याय गळत जातील. थोडेच उरले की टॅब दाबत राहा. एकेक पर्याय मजकुरात येईल. हवा तो आला की पुढचं लिहायला लागा. मागच्या पर्यायावर यायचं असेल तर शिफ्ट-टॅबने मागे फिरा.”

आणि ‘कम्प्लीशन-सायकल-थ्रेशोल्ड’ या मांडणीचं नाव ‘एकेक दाखवण्याची मर्यादा’.

अर्धचंद्र
झकास. फक्त ‘थोडेच’ऐवजी ‘ठरवलेल्या मर्यादेइतके’ हवं, नाहीतर टॅब का वागत नाही म्हणून पत्रं येतील.

शब्दखूळ
आणि ‘मागे फिरा’ काढा. ‘मागचा पर्याय आणा’ करा. ‘मागे फिरा’ वाचून माणसाला वाटेल, आता फाइल उडणार.